अजिंक्यताऱ्यावरील ऑडिओ सफर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा शहराच्या दक्षिणेस उभा असलेला अजिंक्यतारा सोबत वाटाड्या न घेता, फोनमधील ध्वनिमुद्रित निवेदन ऐकत पाहू इच्छिणाऱ्यांकडून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. गडावर जाण्यापूर्वी निदान इंटरनेट, इअरफोन आणि पावसाळा यांविषयीची उत्तरे वाचून जावीत. उरलेली वर बसूनही वाचता येतील.

ऑडिओ सफर म्हणजे नेमके काय?

गडावरील ठिकाणांनुसार लहान लहान भागांत विभागलेले हे मराठी निवेदन आहे. मुख्य दरवाजा, मारुतीचे देऊळ, महादेवाचे देऊळ, ताराराणींचा ढासळलेला राजवाडा व तेथील कोठार, मंगळाई देवीचे मंदिर, त्यासमोरचा मंगळाईचा बुरूज, पाण्याची तळी आणि गडाच्या दुसऱ्या अंगाचे दगडी दरवाजे अशा क्रमाने ते ऐकायचे आहे. प्रत्येक भाग त्या त्या जागी थांबून, शक्य असेल तेथे सावलीत बसून ऐकावा. चालता चालता ऐकण्यासाठी आम्ही मुद्दामच काही ठेवलेले नाही, कारण पायाखाली सुटे दगड आणि कानात औरंगजेब असे झाले की दोघांकडेही दुर्लक्ष होते. दोन ठिकाणांच्या मधली शांतता ही ध्वनिमुद्रणातील त्रुटी समजून फोन खाली-वर करत बसू नये.

गडावर पडझडीशिवाय काही उरलेले नाही असे ऐकले आहे. मग पाहायचे काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो रास्तही आहे. मुख्य दरवाजा आणि त्याचे दोन्ही बुरूज सोडले तर गडावर चांगल्या स्थितीत उभे असलेले बांधकाम थोडेच आहे, देवळे वापरात आहेत, आणि सर्वांत उंच दिसणारी गोष्ट म्हणजे प्रसारभारतीचे मनोरे, जी शहरातून गड ओळखण्याची आजची खूण झाली आहे. रायगडाची बाजारपेठ किंवा प्रतापगडाचा उभा तट डोळ्यांसमोर ठेवून येणाऱ्याची येथे निराशा होते. ऑडिओ सफरीची गरज नेमकी अशाच गडावर असते, कारण जे उभे आहे ते डोळ्यांना दिसतेच, पण जे पडले आहे ते कोणीतरी सांगितल्याशिवाय दिसत नाही.

त्यासाठी नजर थोडी बदलावी लागते. राजवाड्यापाशी पोहोचल्यावर समोर भिंती शोधू नयेत, खाली पाहावे. गवतात एका रेषेत बसलेले घडीव चिरे दिसले की ते जोते असते, म्हणजे ज्यावर भिंत उभी होती तो चौथरा. डोंगराचा दगड वेडावाकडा फुटतो आणि माणसाने घडवलेल्या चिऱ्याला कोन असतो, हा एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मे काम होते. सांध्यात पांढरट, हाताला खरखरीत लागणारा थर असेल तर तो जुना चुना होय. बोटाने कोरून पाहण्याचा मोह टाळावा. त्या भागातील निवेदनाचा एक तुकडा नमुन्यादाखल देत आहोत:

“आपण आता जोत्याच्या कडेला उभे आहात. आत पाऊल टाकू नका, कडेने चाला. जेथे चिऱ्यांची ओळ काटकोनात वळते तेथे थांबा. हा खोलीचा कोपरा. आता पाठ शहराकडे करून समोर पाहा आणि ही ओळ पुन्हा कोठे वळते ते शोधा. सापडल्याशिवाय पुढचा भाग सुरू करू नका.”

सगळे निवेदन याच धाटणीचे आहे. ऐकणाऱ्याला आधी काहीतरी शोधायला लावायचे आणि मग त्याबद्दल बोलायचे, अशी त्याची रचना असल्यामुळे ज्यांना फक्त सनावळी हव्या असतात त्यांना ते संथ वाटते.

गडावर कसे जावे?

सातारा एस. टी. स्थानकावरून शहरातील राजवाड्याकडे (गडावरचा ताराराणींचा राजवाडा वेगळा) वारंवार गाड्या असतात. राजवाड्यापासून अदालतवाड्यापर्यंत चालत सुमारे दहा मिनिटे लागतात आणि अदालतवाड्याच्या बाजूने जाणारी वाट वर जाऊन गडाच्या गाडीरस्त्याला मिळते. त्या रस्त्याने साधारण एक किलोमीटर चालले की मुख्य दरवाजा येतो. बेताच्या चालीने पायथ्यापासून दरवाज्यापर्यंत तासभर धरावा. रोज पहाटे फिरायला येणाऱ्या सातारकराला विचारले तर तो हसत “अर्ध्या तासात वर” असे सांगेल, पण तो हिशेब त्याच्या पायांचा असतो. स्वतःचे वाहन असल्यास डांबरी रस्ता थेट दरवाज्यापर्यंत जातो. रस्ता अरुंद व वळणांचा असल्याने वर येणाऱ्या पायी लोकांना सांभाळून चालवावे.

सफरीला एकूण किती वेळ लागतो?

गडाचा माथा भराभर पाहणाऱ्याला दीड तास पुरतो. निवेदन ऐकत, सांगितलेल्या जागी थांबत पाहायचे असल्यास अडीच ते तीन तास हाताशी ठेवावेत.

गडावर इंटरनेट मिळते का? नाही मिळाले तर निवेदन बंद पडेल का?

शहर अगदी खाली असल्यामुळे माथ्यावर बऱ्याच जागी रेंज मिळते, पण दुसऱ्या अंगाला उतरल्यावर ती जाऊ शकते आणि भरवशाचा असा कोणताच भाग नाही असे धरून चालावे. म्हणून सर्व भाग घरीच किंवा मुक्कामाच्या ठिकाणी वाय-फायवर डाउनलोड करून ठेवावेत. बोललेल्या आवाजाला गाण्याइतकी जागा लागत नाही. ६४ केबीपीएस दर्जाच्या एमपीथ्री ध्वनिफितीचे एक मिनिट साधारण अर्ध्या एमबीत बसते, त्यामुळे तासाभराचे निवेदनही ३० एमबीच्या आत राहते आणि जुन्यातल्या जुन्या फोनवरही मावते.

डाउनलोड झाले आहे याची खात्री करण्याचा एकच उपाय आम्ही सांगतो: घरातून निघण्यापूर्वी फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि मंगळाई बुरुजाचा भाग वाजवून पाहावा. तो वाजला तर बाकीचेही उतरले असण्याची शक्यता मोठी, कारण सर्वांत लांब भाग तोच आहे. गडावरही फ्लाइट मोड चालू ठेवल्यास बॅटरी चांगली टिकते. रेंज शोधत राहण्यात फोनची बॅटरी बरीच खर्च होते.

योग्य जागी पोहोचल्यावर निवेदन आपोआप सुरू होते का? कधीकधी ते चुकीच्या ठिकाणी का सुरू होते?

फोनचे लोकेशन चालू असल्यास निवेदन आपोआप सुरू होते. जीपीएस हे उपग्रहांकडून येणाऱ्या लहरींवर चालते, इंटरनेटवर नाही. त्यामुळे रेंज नसतानाही, आणि बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडवरही, आपली जागा फोनला कळत राहते. निरभ्र, मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन आपली जागा साधारण ५ मीटरच्या फरकाने दाखवतो. माथ्यावर, म्हणजे महादेवाच्या देवळापासून मंगळाईपर्यंतच्या वाटेवर, एवढी अचूकता पुरेशी आहे.

अडचण येते ती मुख्य दरवाज्यात. दोन्ही बाजूंना बुरूज आणि मधे अरुंद वाट अशा जागी आकाशाचा तुकडाच लहान होतो, काही उपग्रहांच्या लहरी थेट पोहोचत नाहीत, आणि ज्या पोहोचतात त्यांतल्या काही दगडी भिंतीवर आपटून, म्हणजे लांबचा रस्ता घेऊन येतात. फोन त्या लांबीलाच खरे अंतर समजतो. परिणामी नकाशावरचा निळा ठिपका तटाच्या पलीकडे उडी मारतो आणि आपण दरवाज्यात उभे असताना कानात मारुतीच्या देवळाची माहिती सुरू होते. हा दोष दुरुस्त करण्याच्या खटपटीत न पडता आम्ही दरवाज्याचा भाग हाताने सुरू करण्याचा ठेवला आहे: पडद्यावरील पहिल्या भागाला स्पर्श करावा आणि तो संपल्यावर आत जावे. ज्यांना आपोआप सुरू होणे अजिबात आवडत नाही, त्यांनी लोकेशन बंद ठेवून सर्वच भाग हाताने लावावेत. आमच्या मते तीच पद्धत बरी, कारण कधी ऐकायचे हे ऐकणाऱ्यानेच ठरवलेले चांगले.

भाग उलट क्रमाने ऐकले तर चालतात का?

चालतात, पण एक अपवाद करावा. सातारा-कराड रस्त्याच्या बाजूने, म्हणजे दुसऱ्या अंगाच्या दरवाज्यांतून वर येणाऱ्यांनी आधी मुख्य दरवाज्याचा भाग ऐकून घ्यावा. गड कोणाकोणाकडे होता याचा थोडक्यात वृत्तान्त त्यात आहे आणि पुढचे भाग तो माहीत आहे असे धरून बोलतात.

कोणते इअरफोन आणावेत? घरातील सगळ्यांनी मिळून ऐकायचे असल्यास काय करावे?

साधे, तारेचे इअरफोन उत्तम. बिनतारी चालतात, मात्र त्यांतील नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवावे. गडाच्या कडेने चालताना वाऱ्याचा आवाज, मागून येणाऱ्याची हाक आणि पायाखालचा खडा घसरल्याचा आवाज कानावर पडणे आवश्यक आहे, म्हणून एक कान नेहमी मोकळा ठेवावा. मंगळाईच्या बुरुजावर तर निवेदनच आपल्याला इअरफोन काढायला सांगते आणि काही वेळ थांबते. तेथे खालून येणारे शहराचे आवाज ऐकले की वेढ्याच्या काळात खालच्या छावणीतील हालचाल वरच्यांना किती जवळून कळत असेल, याचा अंदाज येतो.

मोठ्या गटाने प्रत्येकाने आपापल्या फोनवर भाग उतरवून घ्यावेत आणि “तीन म्हणताच” एकदम सुरू करावेत. एका फोनचा स्पीकर मोठ्याने लावू नये. गडावर देवळे आहेत, व्यायामाला येणारे लोक आहेत आणि आपल्यासारखेच शांतपणे ऐकत बसलेले इतरही असतात. आजी-आजोबांना सोबत आणले असेल आणि त्यांना इअरफोन सोसत नसेल तर एकाने ऐकून त्यांना आपल्या शब्दांत सांगावे. बहुतेक वेळा ते मूळ निवेदनापेक्षा रंगते.

मंगळाईच्या बुरुजाचा भाग एवढा मोठा का आहे?

कारण गडाच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक प्रसंग या बाजूला घडला, आणि तो वाचून जेवढा कळतो त्याच्या कितीतरी पट अधिक तेथे उभे राहून कळतो.

जिंजीहून परतल्यावर राजाराम महाराजांनी साताऱ्यास राजधानीचे ठाणे केले. त्यामुळे डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः या गडासमोर येऊन बसला. बादशहाचा तळ उत्तरेस करंज्याच्या बाजूला पडला, शाहजादा आझम पश्चिमेस होता आणि तरबियतखानाने पूर्वेकडून मोर्चे लावले. गडावर किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. शेजारच्या परळीच्या किल्ल्यावरून, म्हणजे आजच्या सज्जनगडावरून, परशुराम त्रिंबक वेढ्यातल्या लोकांना मदत पोहोचवत होते. मंगळाईच्या अंगाकडून नैर्ऋत्येस पाहिले की सज्जनगड किती जवळ आहे आणि मधली खोरी कशी आहेत हे दिसते, आणि चार महिने गड कसा तगला याचे निम्मे उत्तर तेथेच मिळते.

उरलेले निम्मे उत्तर पायाखाली आहे. सह्याद्रीचा हा सगळा भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरावर थर बसून झालेला आहे. त्यामुळे माथा सपाट, त्याखाली उभा काळा कडा आणि कड्याच्या पायाशी मातीचा उतार अशी येथील बहुतेक डोंगरांची ठेवण दिसते. अजिंक्यताऱ्याच्या तटाची खरी उंची त्या कड्यामुळे आहे. वरचे दगडी बांधकाम हे कड्याच्या डोक्यावर ठेवलेले शेवटचे चार-दोन हात. अशा ठिकाणी शिडी लावता येत नाही आणि तोफेचा गोळा कड्याचे काही बिघडवत नाही. उरतो तो सुरुंग. मोगलांनी खडक पोखरून आत दारू ठासली.

१३ एप्रिल १७०० रोजी सुरुंगांना बत्ती दिली गेली. पहिल्या स्फोटात तट आतल्या अंगाला कोसळला, गडावरील अनेक माणसे दगडांखाली गेली आणि प्रयागजीही गाडले गेले. त्यांना ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढण्यात आले. खाली मोगलांची फौज भगदाडातून आत घुसण्यासाठी कड्याशी दाटी करून उभी होती. तेवढ्यात दुसरा सुरुंग उडाला आणि तो बाहेरच्या अंगाला फुटला. दारूचा जोर ज्या बाजूला अडवणूक कमी त्या बाजूने सुटतो, आणि या वेळी डोंगराचा तुकडा खाली थांबलेल्या फौजेवरच आला. त्यात दीड ते दोन हजार मोगल सैनिक मेल्याचे सांगितले जाते.

एवढे होऊनही वेढा उठला नाही. मार्चच्या आरंभीच राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झालेले होते, रसद संपत आली होती, आणि २१ एप्रिल रोजी गड मोगलांच्या ताब्यात गेला. शाहजाद्याच्या नावावरून त्याला आझमतारा म्हणू लागले. पुढे ताराराणींच्या कारकिर्दीत मराठ्यांनी तो परत घेतला आणि त्याचे अजिंक्यतारा झाले.

निवेदन ऐकताना बुरुजाच्या काठावर जाऊ नये. काठापासून चार पावले आत बसूनही खालचा उतार आणि पलीकडचे शहर पुरेसे दिसते. सुरुंग नेमका कोणत्या दगडाशी उडाला असे विचारणारे पुष्कळ भेटतात. निवेदनात आम्ही दगडावर बोट ठेवलेले नाही, बाजू तेवढी दाखवली आहे.

निवेदनात सांगितलेले सगळे कागदोपत्री आहे की त्यात दंतकथाही आहेत?

दोन्ही आहेत, आणि ती वेगळी ओळखू येतील अशी काळजी घेतली आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने ११९० च्या सुमारास गड बांधला, पुढे तो बहामनी आणि नंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला, १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो जिंकला, १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, फेब्रुवारी १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला, या गोष्टी निवेदक सरळ विधान म्हणून सांगतो. विजापूरच्या चांदबिबीला १५८० मध्ये येथे कैदेत ठेवले होते हेही त्यात येते. देवीच्या कथा, भुयारांच्या गोष्टी, अमुक बुरुजाखाली पुरलेला खजिना अशा गोष्टींपूर्वी मात्र “असे सांगतात” हे शब्द आवर्जून येतात, आणि खजिन्याच्या गोष्टीला तर अर्ध्या वाक्याहून जास्त जागा दिलेली नाही. खजिन्याच्या नादाने जोती उकरणाऱ्यांनी महाराष्ट्रातील गडांचे जे नुकसान केले आहे ते पाहता तेवढीही जागा जास्तच झाली, असे आमच्यातील काहींचे मत आहे.

ताराराणींच्या राजवाड्यापाशी रामराजांचा उल्लेख का येतो?

शाहू महाराजांचे १७४९ मध्ये निधन झाल्यावर, ज्यांना ताराराणींनी आपला नातू म्हणून पुढे आणले होते ते रामराजे गादीवर आले. नानासाहेब पेशव्यांच्या सल्ल्याने ते चालू लागल्याने आजी-नातवाचे बिनसले आणि १७५० मध्ये ताराराणींनी त्यांना याच गडावर कैद केले. छत्रपती वर गडावर अटकेत आणि त्यांची राजधानी खाली पायथ्याशी, अशी ही विलक्षण अवस्था होती. राजवाड्याच्या जोत्याच्या कडेला उभे राहून खालचे शहर पाहताना ही गोष्ट ऐकावी म्हणून ती येथे ठेवली आहे. १७०० च्या पराभवातून राज्य सावरणारी ताराराणी आणि ५० वर्षांनी त्याच गडावरून राजकारण करणारी वृद्ध ताराराणी या एकाच व्यक्ती आहेत, हे शाळेच्या पुस्तकातून सहसा ध्यानात येत नाही.

कोणता ऋतू आणि कोणती वेळ चांगली?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. पावसाळ्याच्या शेवटी गवत हिरवे असते, पण जोती झाकलेली असतात. डिसेंबरनंतर गवत वाळून बसले की चिऱ्यांच्या ओळी स्वच्छ दिसू लागतात, म्हणून या सफरीसाठी आम्ही डिसेंबर-जानेवारी सुचवतो. सकाळी सातच्या आसपास दरवाज्यात असावे. त्या वेळचे तिरके ऊन दगडांच्या कडा उठावदार करते आणि पडक्या बांधकामाचा आकार समजतो. बाराच्या उन्हात तोच चौथरा सपाट दिसतो.

मार्च ते मे या महिन्यांत उन्हामुळे फोनचेही हाल होतात. आयफोन, उदाहरणार्थ, ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा असे बनवणारेच सांगतात. काळ्या दगडावर उताणा ठेवलेला फोन त्यापुढे सहज जातो आणि तापल्याचा इशारा देऊन गप्प बसतो. फोन खिशात किंवा पिशवीत ठेवून ऐकावे. निवेदन ऐकायला पडदा पाहण्याची गरज नाही.

पावसाळ्यात गेले तर?

जाता येते. मात्र दगडी पायऱ्यांवर आणि तटावर शेवाळ धरते, धुके आले तर बुरुजाची कड दिसत नाही आणि मंगळाईच्या भागात जे पाहायला सांगितले आहे त्यातले काहीच दिसणार नाही. धुके असल्यास बुरुजाचा भाग मंदिराच्या आवारात बसून ऐकावा आणि तेथील शिल्पे पाहावीत. तटावर चढून छायाचित्रे काढू नयेत, हे पावसाळ्यात दोनदा सांगावेसे वाटते.

गडावर पाणी, खाणे आणि इतर सोयी आहेत का?

त्या नाहीत असे धरूनच यावे. गडावरील तळी उन्हाळ्यात कोरडी पडतात आणि पाणी असते तेव्हाही ते पिण्याचे नसते. माणशी दोन लिटर पाणी आणि थोडा कोरडा खाऊ सोबत ठेवावा, रिकाम्या बाटल्या व वेष्टने परत खाली आणावीत. खाली उतरल्यावर कंदी पेढ्यांची सोय शहराने फार पूर्वीपासून करून ठेवली आहे.

लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिक यांना ही सफर झेपेल का?

वाहन दरवाज्यापर्यंत जात असल्यामुळे चढाचा मोठा भाग वाचतो आणि माथ्यावर फार चढउतार नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी दरवाजा, मारुती, महादेव आणि राजवाडा एवढे पाहून परतले तरी सफर अपुरी वाटणार नाही. दुसऱ्या अंगाच्या दरवाज्यांकडे उतरणे मात्र टाळावे, कारण उतरलेले पुन्हा चढावे लागते.

साधारण दहा वर्षांखालील मुलांना सलग निवेदन ऐकवू नये. त्यांना शोधायला काही द्यावे: तटात बंदुकीसाठी ठेवलेली भोके, म्हणजे जंग्या, कोठे दिसतात, पहारेकऱ्याला बसायची देवडी कोठे असेल, कोठाराला खिडक्या का नसाव्यात. तळ्यांच्या आणि तटाच्या कडेला मुलांचा हात सोडू नये आणि त्या वेळी मोठ्यांच्याही कानात इअरफोन नसावा.

ऐकू न येणाऱ्यांसाठी किंवा फक्त वाचू इच्छिणाऱ्यांसाठी काही सोय आहे का?

प्रत्येक भागाची संपूर्ण संहिता मोठ्या अक्षरांत त्याच पडद्यावर उघडते आणि ध्वनीसोबतच डाउनलोड होते. उन्हात पडदा नीट दिसत नाही, म्हणून शक्य असल्यास ती छापून आणावी. दृष्टिबाधित श्रोत्यांसोबत येणाऱ्यांनी दरवाज्याच्या भागात जेथे “पाहा” असे येते तेथे त्यांचा हात चिऱ्यांच्या सांध्यावर टेकवावा. घडीव दगड आणि डोंगराचा दगड यांतला फरक बोटांना डोळ्यांपेक्षा लवकर कळतो.

देवळांत निवेदन लावता येते का?

मारुती, महादेव आणि मंगळाई या तिन्ही ठिकाणी पूजाअर्चा चालू असते. निवेदन बाहेर ऐकून मग पादत्राणे काढून आत जावे. आरती चालू असल्यास थांबावे. छायाचित्र काढण्यापूर्वी तेथे असलेल्यांना विचारावे. ड्रोन उडवण्यासाठी रीतसर परवानगी लागते. गडावर प्रसारणाचे मनोरे असल्यामुळे परवानगीशिवाय प्रयत्नही करू नये.

घरी बसून ऐकले तर चालेल का?

चालेल, पण निवेदन वारंवार “आता डावीकडे वळा”, “खाली पाहा” असे सांगत असल्याने ते चमत्कारिक वाटेल. जाण्यापूर्वी ऐकायचेच असेल तर फक्त दरवाज्याचा भाग ऐकावा. परत आल्यावर मंगळाईचा भाग पुन्हा ऐकावा, असे आम्ही सुचवतो. तो सगळ्यांना एका बैठकीत लक्षात राहात नाही.

माथ्यावरून दिसणारे बाकीचे गड ओळखायचे कसे?

हवा स्वच्छ असल्यास यवतेश्वराचा डोंगर, सज्जनगड, जरंडेश्वर, कल्याणगड आणि जोडीने उभे असलेले चंदन-वंदन दिसतात. चंदन-वंदन आधी शोधावेत. शेजारी-शेजारी आणि जवळजवळ सारख्या उंचीचे असे दोन माथे दुसरे नाहीत, त्यामुळे ते चुकत नाहीत आणि एकदा ते सापडले की बाकीच्यांच्या दिशा लावता येतात. फोनमधील होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ किंवा मनोऱ्यांच्या पायथ्याशी भलतीच दिशा दाखवते, तेथून दूर येऊन पाहावे.

त्याच दिवशी सज्जनगडही होईल का?

सकाळी सातला सुरुवात केल्यास सहज होतो. सज्जनगड साताऱ्यापासून सुमारे १५ किलोमीटरवर असून वाहनाचा रस्ता पायऱ्यांपर्यंत जातो. तेथे समर्थ रामदासांची समाधी आहे आणि वातावरण पूर्णपणे देवस्थानाचे आहे. आमचे निवेदन त्या गडासाठी नाही. मात्र अजिंक्यताऱ्यावरील वेढ्याचा भाग ऐकून झालेल्यांनी सज्जनगडाच्या कडेला उभे राहून उलट दिशेने, म्हणजे अजिंक्यताऱ्याकडे, एकदा पाहावे. साताऱ्याचा पाडाव झाल्यावर बादशहाची फौज लगोलग याच परळीच्या किल्ल्याकडे वळली होती आणि १७०० च्या जूनमध्ये तोही पडला. दुपारी उन्हाचा तडाखा असेल तर मधले दोन तास शहरात एस. टी. स्थानकाजवळच्या शिवाजी संग्रहालयात घालवावेत आणि चारनंतर सज्जनगडाकडे निघावे. तोवर फोनही चार्ज करून घ्यावा.